संग्रह आणि परिग्रह

सुट्टीत जालन्याहून मुंबईला गेलेला माणूस चौपाटी सोडून चोरबाजारात जुन्या रेकॉर्डी चाळत बसला, तर घरचे त्याला छांदिष्ट म्हणून सोडून देतील. धर्मविचाराला मात्र हा छंद इतका सहज सोडून देता येत नाही. अपरिग्रह, म्हणजे संचयाचा त्याग, हे जैनांचे महाव्रत आहे. पतंजलींनीही यमांमध्ये त्याला अहिंसा-सत्याच्या पंक्तीला बसवले आहे. मग दुसऱ्यांच्या घरांतून निघालेल्या तबकड्या दूरच्या शहरातून गोळा करून आणणे ही आसक्तीच नव्हे का? माझ्या मते, वस्तू जवळ आहे एवढ्यावरून आसक्ती ठरत नाही. वस्तू आपल्यापाशी येऊन थांबते की पुढे जाते, यावरून ठरते.

याचा पुरावा जालना जिल्ह्यातच आहे. घनसावंगी तालुक्यातले जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. बोहल्यावरून निघून गेल्याची परंपरा ज्यांच्याविषयी सांगितली जाते, त्या विरक्ताने दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेला दिला. अक्षर कसे वळवावे इथपासून लेखण्या, कागद, बासने, मेणकापड आणि पोथी जपायच्या पेट्या-कुलपांपर्यंत सगळे त्यात येते. घर सोडणाऱ्याला कुलपाची आठवण राहते, कारण पोथी पुढच्या वाचकाची असते आणि आपण तिचे राखणदार. ती नकलून घेतली जाई, मठामठांतून फिरे. समर्थशिष्य कल्याणस्वामींच्या हातचा दासबोध डोमगावच्या मठात टिकला, तोही अशाच जपणुकीमुळे.

यावर कुणी म्हणेल, पोथी म्हणजे ज्ञान आणि रेकॉर्ड म्हणजे करमणूक. शिवाय गाणे मोबाइलवर फुकट मिळते, मग हे ओझे कशाला? पण १९०२ साली ध्वनिमुद्रक फ्रेड गेझबर्गने कलकत्त्यात गायिका गौहरजानचे गाणे मुद्रित केले. पुढची कित्येक दशके आपले गाणे लाखेच्या तबकड्यांवर साठत गेले. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मिळत. एरवी तासभर रंगणारा ख्याल तेवढ्यात बसवताना काय ठेवायचे आणि काय गाळायचे, ही गवयाची परीक्षाच होती. तिला नुसती करमणूक म्हणवत नाही. शिवाय हातून पडली की लाखेची तबकडी फुटते, म्हणून तिला जपणारा लागतो. मोबाइलवर ऐकू येणारी जुन्या जमान्यातली कितीतरी गाणी कुणा ना कुणा संग्राहकाने जपलेल्या तबकडीवरूनच उतरवलेली आहेत. आपल्याला फुकट मिळालेल्या गाण्याचा भार आधी कुणीतरी वाहिलेला असतो.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. जुन्या वस्तूला बाजार मिळाला की लोभही येतो, हे जांबकरांना वेगळे सांगायला नको. २०२२ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या राममंदिरातल्या मूर्ती चोरीला गेल्या आणि पुढे पोलिसांना त्या शोधून काढाव्या लागल्या. रेकॉर्डींच्या बाबतीत लोभाचे रूप सौम्य असते. विकणाऱ्याला किंमत ठाऊक नाही हे ओळखून दुर्मीळ तबकडी रद्दीच्या भावात उचलायची आणि वर त्याचीच फुशारकी मारायची. कायद्याने ही चोरी नाही. पण यमांतल्याच अस्तेयाच्या, म्हणजे चोरी न करण्याच्या, कसोटीला असा सौदा उतरत नाही. तसेच, कपाटात ओळीने लावलेली आणि कधीच न वाजणारी रेकॉर्ड हा निखळ परिग्रहच होय. इथे आक्षेप घेणाऱ्याची बाजू मान्य करायला हवी. पण त्याने दोष ठरतो तो संग्राहकाच्या वागण्याचा. शोध त्यामुळे दोषी ठरत नाही. पोथीचोर असतात म्हणून कुणी पोथ्या जपणे सोडले नाही.

म्हणून सुट्टीत जुनी रेकॉर्ड सापडली तर खुशाल आणावी. विकणाऱ्याला रास्त पैसे द्यावेत, धूळ पुसून ती वाजवावी, आणि कुणी गाणे उतरवून मागितले तर नाही म्हणू नये. एवढे जमत नसेल, तर ती बाजारातच राहू द्यावी.