सुळावरचे मांडव्य आणि लंडनचा फास

मांडव्य ऋषींचे आख्यान आपल्या मंडळींना नवे नाही. मौनव्रत धरून बसलेल्या ऋषींच्या आश्रमात चोरांनी माल लपवला, राजाचे शिपाई आले, आणि चोरांबरोबर मौनी ऋषींनाही सुळावर चढवले. तपोबलाने प्राण गेला नाही, म्हणून चूक कळल्यावर राजाला त्यांच्या पाया तरी पडता आले. सूळ निघेना, तेव्हा तो कापला. टोक अंगातच राहिले. म्हणून ते अणीमांडव्य.

ही सोय सर्वांच्या वाट्याला येत नाही. १९५० साली लंडनमध्ये टिमोथी इव्हान्स नावाच्या २५ वर्षांच्या गाडीचालकाला स्वतःच्या तान्ह्या मुलीच्या खुनाबद्दल फाशी झाली. त्याला धड लिहिता-वाचता येत नव्हते. पोलिसांपुढे त्याने जबाब फिरवले, कबुलीही दिली. कोर्टात मात्र तो सांगत राहिला की हे काम खालच्या मजल्यावरच्या जॉन ख्रिस्तीचे आहे. कोणी मानले नाही, कारण ख्रिस्ती हाच सरकारपक्षाचा मुख्य साक्षीदार! तीन वर्षांनी त्याच घरात बायकांची प्रेते सापडली आणि इव्हान्सच्या बायकोचा खून आपण केल्याचे ख्रिस्तीने कबूल केले. तोही फासावर गेला. दोघांना फास लावणारा हात एकच, अल्बर्ट पियरपॉइंट याचा. शेकडो माणसे फाशी दिल्यावर याच पियरपॉइंटने आपल्या आठवणींत लिहिले, की या शिक्षेने सूड तेवढा साधतो. इव्हान्सला माफी मिळाली १९६६ साली. ती घ्यायला माणूस होता कुठे?

तोवर तिथला कायदा बदलला होता. सिडनी सिल्व्हरमन यांच्या विधेयकाने १९६५ मध्ये खुनाबद्दलची फाशी पाच वर्षांपुरती थांबली, आणि १९६९ च्या डिसेंबरात ती कायमची गेली. लोकमत तेव्हाही फाशीच्याच बाजूने होते. निवडून आलेल्या माणसांनी निवडून देणाऱ्यांच्या रागापुढे मान तुकवली नाही, याचे मला फार वाटते.

आपल्याकडे यावर एक शंका हमखास निघते. महाराज, देवानेच कंस मारला, हिरण्यकशिपू फाडला, मग राजाने का मारू नये? शंका खरी आहे. पण देव ज्याला मारतो त्याला मुक्तीही देतो. फाशीघराकडे ते देणे कुठून असणार? ज्याला जीव परत देता येत नाही, त्याने तो घेताना शंभरदा थांबावे. माऊलींनीही पसायदानात दुष्टांचा वाकडेपणा जावा असे मागितले, दुष्टच जावेत असे नाही.

शांतिपर्वात तर याच विषयावर बापलेकांचा वाद आहे. राजा द्युमत्सेन गुन्हेगारांना वधासाठी पाठवतो आणि सत्यवान आडवा येतो. होय, सावित्रीचाच सत्यवान. तो म्हणतो, एक दरोडेखोर मारला की त्याची आई, बाप, बायको, मुले ही निरपराध माणसेही मारली जातात; आणि वाईट माणूसही कधी सुधारतो. द्युमत्सेन म्हणतो, काळ बिघडला आहे, सौम्य दंडाने आता भागत नाही. हे वाक्य आजही पारावर ऐकू येते.

आपली दंडसंहिता इंग्रजांनी १८६० साली दिली. त्यांनी आपल्या घरचा फास काढला, आपण तो ठेवला. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो दुर्मिळातल्या दुर्मिळ प्रकरणापुरता आवळून धरला; २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेतही तो आहेच. ज्या माउलीची लेक गेली तिला सत्यवानाचे म्हणणे ऐकवायची माझी छाती होणार नाही. तिचा आक्रोश खोटा नाही. पण ती आई आहे, तिने रडावे, शाप द्यावा. न्यायाधीश तिच्या जागी बसून निवाडा लिहू लागला, तर खालच्या मजल्यावरचा ख्रिस्ती कोण शोधणार?