दगडफूल आणि पाणमांजर



आपल्या घरच्या गोड्या मसाल्यात दगडफूल असते. नाव दगडाचे, पण ते झाडाच्या सालीवरही वाढते. आणि फूल तर ते नव्हेच. बुरशी आणि शेवाळ यांनी मिळून थाटलेला तो संसार. शेवाळाने उन्हावर अन्न करायचे, बुरशीने निवारा द्यायचा. गडचिरोलीच्या जंगलात त्याचे भाईबंद पावसाळ्यात खोडांवर राखाडी-हिरवट पापुद्र्यांसारखे दिसतात. बांडगुळासारखे ते झाडाचा रस ओढत नाहीत, नुसती बसायला जागा घेतात.

मार्कंड्याच्या बाजूला, वैनगंगेकाठच्या एका गावी सप्ताहात मी हाच दृष्टान्त लावला. दगडफूल म्हणजे साधू. आणि डोहातले पाणमांजर, ज्याला ऊद म्हणतात, ते हिंसक; पोटापायी मासे मारत फिरणारे. मंडप डोलला. मलाही बरे वाटले, खोटे कशाला सांगू?

कीर्तन संपल्यावर एक म्हातारा ढिवर पाया पडायला वाकला. सातही दिवस मंडपात पाणी भरणारा तोच. हळूच म्हणाला, "मंग मी कोन जी, महाराज?"

मला उत्तर सुचले नाही. रात्रभर झोप नाही.

दगडफुलाला दात नाहीत, भुकेने कळवळणारे लेकरू नाही. ज्याला मारताच येत नाही, त्याच्या न मारण्याला पुण्य म्हणावे काय? आणि पाणमांजर! पाण्यात राहून श्वास हवेतला घेते, पिल्लांना दूध पाजते. पिल्लू आधी पाण्याला भिते. आईच त्याला मानगुटीला धरून पाण्यात नेते. तिच्या तोंडातला मासा त्या पिल्लासाठी असतो. तिला दोष द्यायचा, तर दात देणाऱ्यालाही द्यावा लागेल.

माळ मी स्वतःहून घातली, म्हणून माझ्या मांस सोडण्याला काही अर्थ. पण घातली तेव्हा घरी ज्वारीने भरलेली कणगी होती. हे मी कधी कीर्तनात सांगितले नव्हते. सजन कसायाच्या कामाला देवाने हात लावला, ही कथा आम्ही रंगवून सांगतो. ढिवराच्या डोंग्यात मात्र देव बसेल, असे त्या रात्री माझ्या मनात आले नव्हते.

सकाळी त्याच्या दारी गेलो. अंगणात जाळे सांधत बसला होता. मी हात जोडून क्षमा मागितली. तो गडबडला, खाट टाकली, चहा सांगितला. मग मान खाली घालून म्हणाला,

"एकादशीले जारं टाकत नाही जी मी. काल सांगाचं राहून गेलं."