वाळू राखते, पाऊस नेतो

दिवाळीच्या सुमारास मराठी वर्तमानपत्रांत पिरॅमिड दिसू लागतात. इजिप्त, जॉर्डन, तुर्कस्तान या सहलींचा हंगाम थंडीबरोबर सुरू होतो. आमच्या महाडमधूनही आता माणसे जातात. निवृत्त शिक्षक जातात, डॉक्टर दांपत्ये जातात, मुलगा आखातात नोकरीला असला की त्याच्याकडे राहून तिथूनच पुढे जाणारे आईवडील असतात. मीना प्रभूंचे ‘इजिप्तायन’ वाचून मनात धरलेली सहल उतारवयात पुरी करणारेही भेटतात. जावेच. लुक्सोरच्या देवळांतले खांब पाहून माणूस आतून हलतो, आणि तसे हलणे आयुष्यात एकदा तरी व्हावे. पण परत आल्यावर जे हमखास ऐकू येते, ते मला बोचते. ‘त्यांनी किती जपलंय! आपल्याकडे पाहण्यासारखं राहिलंय काय?’

त्यांनी जपले हे अर्धेच खरे. आधी जपले ते वाळवंटाने.

लुक्सोरला वर्षानुवर्षे पावसाचा थेंब पडत नाही. कैरोत वर्षभरात पडतो तो जेमतेम पंचवीस मिलिमीटर. हॉवर्ड कार्टरने १९२२ मध्ये तुतनखामुनची कबर उघडली, तेव्हा सोन्याची चर्चा जगभर झाली. मला त्या सोन्यापेक्षा तिथले फुलांचे हार थोर वाटतात. सव्वातीन हजार वर्षांपूर्वी कुणी तरी ओवलेली फुले आणि पाने, वेताच्या टोपल्या, लाकडी पलंग, अंगावरची वस्त्रे, सगळे टिकून होते. सोने कुठेही टिकते. फूल टिकायला तिथली हवा लागते.

आता आमची हवा पाहा. महाड-पोलादपूरच्या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. २२ जुलै २०२१ रोजी महाबळेश्वरला एका दिवसात जवळपास सहाशे मिलिमीटर पडला. कैरोत वीस वर्षांत मिळून एवढा पडत नाही. ते पाणी सावित्री नदीतून खाली आले आणि महाडची बाजारपेठ बुडाली. त्याच दिवशी तळिये गावावर दरड आली, ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही दरडींनी माणसे नेली. त्याआधी, २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री, ब्रिटिशांच्या काळचा सावित्रीवरचा दगडी पूल वाहनांसह वाहून गेला होता. चिऱ्याला चिरा लावून बांधलेला पूल जिथे एका रात्रीत जातो, तिथे लाकूड, कापड, कागद यांची काय कथा!

म्हणून रायगडावर पहिल्यांदा आलेला माणूस गोंधळतो. रोपवेतून उतरून तो विचारतो, ‘राजवाडा कुठे आहे?’ त्याला जोती दिसतात. बाजारपेठेतही दोन्ही हातांना ओळीने जोतीच. १६७४ साली राज्याभिषेक झाला तेव्हा इथे तुळया होत्या, कोरीव खांब होते, छपरे होती, पडदे आणि बिछायती होत्या. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांच्या तोफांनी गडावर आग लागली, त्यात बरेच जळाले. उरलेले पावसाने नेले. रायगडाला राजधानी होऊन अजून चारशे वर्षेही झाली नाहीत, तरी तिथे लाकडाची एक तुळई जागेवर नाही, आणि तुतनखामुनचा पलंग मात्र शाबूत आहे. ही तुलना मनात ठेवून गड चढला तर जोत्यांकडे पाहण्याची नजर बदलते. इथे जे उभे आहे ते साडेतीनशे पावसाळे सोसून उभे आहे. जगदीश्वराच्या मंदिराजवळचा हिरोजी इंदुलकरांचा संस्कृत शिलालेख वाचावा. त्यात गडावर काय काय उभारले त्याची नोंद आहे, विहिरी, तळी, बागा, प्रासाद. बागा गेल्या, प्रासादांची जोती राहिली, तळी अजून भरतात आणि लेख वाचता येतो. पावसाच्या मुलखात बांधणाऱ्या माणसाने आपल्या कामाची यादी दगडावरच लिहून ठेवली, याला मी दूरदृष्टी म्हणतो.

जुलै २०२५ मध्ये रायगड आणि शेजारचा प्रतापगड यांच्यासह बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. आनंदाची गोष्ट आहे. पण महाडकरांनी यादीत नसलेल्या एका ठिकाणाविषयी जास्त बोलायला हवे. ते ठिकाण मुंबई-गोवा महामार्गावरून डोळ्यांना दिसते.

महाडच्या अलीकडे, गांधारी नदीच्या बाजूला, पाले गावाच्या डोंगरात लेणी आहेत. गांधारपाल्याची लेणी. संख्येने तीसच्या आसपास, बौद्ध, इसवीसनाच्या पहिल्या-दुसऱ्या-तिसऱ्या शतकांतली. पायऱ्या चढून गेले की पहिले मोठे लेणे लागते. खांबांचा व्हरांडा, आत प्रशस्त दालन, मागे गाभारा आणि त्यात कोरलेला बुद्ध. बाकीच्या बहुतेक लेण्यांत भिक्षूंच्या लहान लहान खोल्या आहेत, झोपायला दगडी ओटे आहेत, बाहेर पाण्याच्या टाक्या आहेत. इथे दोन ब्राह्मी लेख आहेत, आणि माझ्या मते तेच इथले खरे धन. एकात कुमार काणभोज विष्णुपालित याने दिलेल्या लेण्याची, चैत्यगृहाची, आठ खोल्यांची आणि पाण्याच्या टाक्यांची नोंद आहे. दुसऱ्यात संघरक्षित शेठीचा मुलगा गृहपती वाडसिरी याने लेणे दिल्याचे आणि त्याच्या खर्चासाठी शेतजमीन लावून दिल्याचे सांगितले आहे. म्हणजे आमच्या तालुक्यात जमिनीचे दानपत्र अठराशे वर्षांपूर्वी कातळावर उतरलेले आहे. राजपुत्राच्या बरोबरीने एका व्यापारी घरातल्या माणसाचे नाव तिथे राहिले आहे. इजिप्तच्या देवळांत भिंतभर राजेच भेटतात. इथे शेठीचा मुलगा भेटतो.

या शेठीकडे पैसा आला कुठून? याचे उत्तर शोधायला खाली खाडीकडे पाहावे लागते. सावित्री बाणकोटला समुद्राला मिळते. भरतीच्या पाण्यावर गलबते दासगाव-महाडपर्यंत वर येत, आणि इथून बैलांवर माल घाट चढून देशावर जाई. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रंथात कोकणच्या बंदरांची नावे ओळीने येतात. त्यातले पालैपत्मै म्हणजे आमचे पाले, असे काही अभ्यासक मानतात, काही दाभोळचे नाव घेतात. निकाल काहीही लागो. तो खलाशी ज्या बंदरांतून इकडे निघत असे ती तांबड्या समुद्रावरची बंदरे होती, आणि ती इजिप्तमध्ये होती. त्यांतले एक बेरेनिके.

बेरेनिके आज वाळूत आहे. तिथे गेली काही दशके उत्खनन चालू आहे. एका देवळाच्या आवारात भारतीय घडणीच्या रांजणात साडेसात किलोंच्या आसपास काळी मिरी सापडली, पहिल्या शतकातली. जुन्या जहाजांचे भारतीय सागवान तिथल्या घरांच्या बांधकामात पुन्हा वापरलेले सापडले. भारतीय सुती कापडाचे तुकडे सापडले. २०२२ मध्ये इसिस देवीच्या देवळाच्या आवारात संगमरवरी बुद्ध मिळाला, दुसऱ्या शतकाच्या सुमाराचा. आमच्या पाल्याच्या डोंगरात छिन्नी-हातोडा चालू होता त्याच काळात तिकडे, पिरॅमिडांच्या देशात, बुद्धाची मूर्ती उभी होती.

मी मिरीचे दाणे आणि कापडाचे तुकडे यांपाशीच अडून बसतो, कारण त्यांत आमच्या किनाऱ्याची एक मोठी गोष्ट आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचे सूत या किनाऱ्यावर सापडणार नाही. मिरी कुजली, सागवान वाळवीने आणि पाण्याने खाल्ले. आम्ही पाठवलेला माल आमच्याकडे शिल्लक नाही, ज्यांना पाठवला त्यांच्या वाळूत आहे. कागदाचेही तेच. जुन्या कैरोतल्या बेन एझ्रा सिनेगॉगच्या एका कोठडीत ज्यू समाजाने शतकानुशतके टाकून दिलेले कागद साठले होते. १८९०च्या दशकात ते केंब्रिजला गेले आणि त्यांतून बाराव्या शतकात मंगळुरास राहणाऱ्या अब्राहम बेन यिजू या व्यापाऱ्याचा पत्रव्यवहार वाचता आला. लोखंड, मिरी, सुपारी, उधारी, घरचे वाद, सगळे त्यात आहे. त्याच काळात चौलला, दाभोळला, महाडला राहणारे व्यापारी काय लिहीत होते? लिहीत नक्की होते. ते कागद पागोळ्यांखाली गेले.

तेव्हा कोकणात भूतकाळ कसा राहतो? दगडात राहतो, आणि माणसांनी राखला तर राहतो. पोलादपुरात कवींद्र परमानंदांची समाधी आहे. शिवाजी महाराजांच्या हयातीत ‘शिवभारत’ रचणारा हा कवी. त्यांच्या ग्रंथाची पोथी आपल्यापर्यंत आली ती तंजावरहून, तिथल्या सरस्वती महाल ग्रंथसंग्रहातून. स. म. दिवेकरांनी १९२७ मध्ये ती छापून काढली. कुणी तरी नक्कल केली, कुणी तरी शेकडो कोस दूर नेली, म्हणून ग्रंथ वाचला, तोही अपुरा. पोलादपूरजवळच्या उमरठ गावात तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे. तिथे पाहायला दगड थोडे आहेत. पण १६७० च्या सिंहगडाच्या लढाईची आठवण त्या गावाने साडेतीनशे वर्षे सोडली नाही, आणि समाधी टिकली ती त्या आठवणीच्या आधाराने.

चवदार तळ्याची गोष्ट याच ओळीतली आहे. १९२७ चेच साल. २० मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारोंसह या तळ्यावर आले आणि पाणी प्यायले. नगरपालिकेचा तळे खुले असल्याचा ठराव १९२४ चाच होता, तो कागदावर पडून होता. नंतर दावा झाला, तो मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९३७ मध्ये अस्पृश्यांच्या बाजूने निकाल लागला. परगावचा प्रवासी तळ्याच्या काठाशी येतो तेव्हा त्याला पाणी दिसते, पायऱ्या दिसतात. त्या ओंजळीचे वजन त्याला डोळ्यांनी कळणार नाही. कुणी तरी सांगावे लागते, आणि सांगणाऱ्याजवळ ठराव, निकाल, त्या वेळच्या बातम्या असाव्या लागतात. दरवर्षी २० मार्चला लाखो माणसे येतात आणि एकमेकांना सांगतात, म्हणून हे स्थळ जिवंत आहे.

इजिप्तमध्येही नुसत्या वाळूवर भागले नाही, हेही मान्य केले पाहिजे. अस्वानचे धरण झाले तेव्हा अबू सिंबेलची देवळे पाण्याखाली जाणार होती. १९६४ ते १९६८ या काळात डोंगर कापून, तुकडे करून ती वर उचलून पुन्हा उभी केली. जॉर्डनमधल्या पेट्राचे नाबाती लोक तर दोन हजार वर्षांपूर्वीच डोंगरातून येणारा लोंढा बांध घालून वळवत होते, कारण वाळवंटातही अवचित येणारे पाणी कातळात कोरलेल्या नगराचा नाश करते हे त्यांना ठाऊक होते. पाण्याशी वैर तिथे क्वचित येते, तरी त्यांनी एवढा खटाटोप केला. आमच्याकडे ते दरवर्षी जूनमध्ये येते, तर आमची तयारी कितीतरी जास्त असायला हवी. पाल्याच्या लेण्यांत पावसाळ्यात छतातून पाणी झिरपते, दगडावर शेवाळ चढते, अक्षरे झिजतात. तिथे त्या दोन लेखांचा मराठी अर्थ सांगणारा ठळक फलक हवा, आणि महाड-पोलादपूरच्या प्रत्येक शाळेची एक सहल तिथे यायला हवी. रायगडाकडे धावणाऱ्या बसने वाटेत तासभर थांबायला काय हरकत आहे?

आणि घरोघरचे काय? या दोन तालुक्यांत अजूनही जुन्या घरांत मोडी कागद आहेत. वतनाच्या सनदा, सावकारी वह्या, वाटणीपत्रे, देवस्थानच्या हिशेबाच्या चोपड्या, मुंबईच्या गिरणीतून चाकरमान्याने गावी धाडलेली पत्रे. २०२१ च्या पुरात महाडमधल्या कितीतरी कपाटांतला असा ऐवज चिखलाचा गोळा होऊन बाहेर आला आणि घर धुताना गाळाबरोबर टाकून दिला गेला. त्या दिवसांत माणसे सावरायची होती, कागदाकडे कुणी पाहावे अशी वेळच नव्हती. पण वेळ आता आहे. दिवाळीत मुंबई-पुण्याहून मुले-नातवंडे घरी येतात, प्रत्येकाच्या हातात कॅमेऱ्याचा फोन असतो. माळ्यावरची पेटी खाली काढा. प्रत्येक कागदाचे दोन्ही बाजूंनी स्वच्छ उजेडात छायाचित्र घ्या, त्यावर गावाचे आणि घराचे नाव नोंदवा, एक प्रत घाटावरच्या नातेवाइकाकडे ठेवा, एक मोडी वाचणाऱ्या अभ्यासकाला द्या. हे काम आगोटीच्या आधी, मेअखेरपर्यंत पुरे करा.