खाडीवरून जाणाऱ्या तारा

शास्त्रभाग : योहान, अध्याय १ ला



खोपोलीच्या वीजगृहांतली वीज १९१५ सालीं तारांवरून मुंबईस पोहोंचली. घाटावरल्या तळ्यांचें पाणी आमच्या जिल्ह्यांत उतरलें आणि त्याच्या बळावर मुंबईच्या कापडगिरण्या चालूं लागल्या. आजही ठाण्याच्या खाडीवर पाण्यांत उभे केलेले उंच लोखंडी मनोरे दिसतात. त्यांवरील तारा ताठ ओढीत नाहींत. उन्हानें तार वाढते, थंडीनें आखडते, ह्यास्तव तिला झोळ ठेवितात.

परंतु ह्याच जिल्ह्यांतल्या घारापुरी बेटावर, शेतबंदर, राजबंदर व मोराबंदर ह्या तीन गांवांस, कायमची वीज मिळाली ती २०१८ सालीं, समुद्रतळाशीं सुमारें ७.५ किलोमीटर केबल टाकल्यावर. तोंवर संध्याकाळीं कांहीं तास जनित्र चाले, मग अंधार. मुंबईचे दिवे मात्र पाण्यापलीकडे रात्रभर दिसत. प्रकाश दुरून दिसणें आणि तो आपल्या घरांत असणें ह्यांत किती अंतर आहे, हें तेथील एखाद्या वृद्ध माउलीस विचारावें.

उंच तारेंतली वीज थेट घरांत घेतां येत नाहीं. ज्या दाबानें ती खाडी ओलांडते, त्या दाबानें घर जळेल. गांवाजवळ रोहित्र असतें, ज्यास लोक डी.पी. म्हणतात. तेथें दाब उतरवितात, तेव्हां ती झोंपडींतल्या दिव्यास सोसते. देवाचें वैभव आम्हां पाप्यांस असेंच असह्य होतें. म्हणून त्याचा पुत्र आमच्यांत उतरला, सुताराच्या घरीं वाढला, कोळ्यांच्या होडींत बसला. (दृष्टांत येथें तोकडा पडतो : विजेचा दाब कमी होतो, ख्रिस्ताचें देवत्व कमी झालें नाहीं.)

उपदेशक बंधूंनो, आपण पुस्तकी भाषेंत उंचावरून बोलतों. कोळीण मावशी आणि कातकरी बंधु खालीं बसून ऐकतात व जसे आले तसे परत जातात. मीही वर्षानुवर्षें असेंच केलें. तारेवर बसलेल्या पांखरास वीज लागत नाहीं, कारण त्याचा जमिनीशीं संबंध नसतो. माझी तीच गत होती. वचनाला चिकटून बसलों होतों, पण पाय जमिनीस नव्हते, आणि माझ्यांतून कोणास कांहीं पोहोंचलें नाहीं.

येत्या रविवारीं उपासना आटोपल्यावर, ज्या घरीं कोणास वाचतां येत नाहीं त्या घरीं जावें, आणि हा अध्याय त्यांच्याच बोलींत सांगावा. आधीं मासळी किती मिळाली तें विचारावें.