उगारलेला हात

आमच्या धर्मग्रामाच्या सभागृहात आठवड्यातून तीन दिवस, सायंकाळची प्रार्थना आटोपली की खुर्च्या भिंतीशी सरकवल्या जातात आणि जमिनीवर निळ्या-तांबड्या गाद्या अंथरल्या जातात. मग तासभर तेथे किकबॉक्सिंगचा वर्ग चालतो. भिंतीवर क्रूस, एका बाजूला टांगलेली जाडजूड पिशवी आणि तिच्यावर त्वेषाने लाथा झाडणारी, कालपरवा प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारलेली मुले! हे दृश्य पहिल्यांदा पाहिले तेव्हा आम्ही उभयता दारातच थबकलो. ज्या हातांना आम्ही क्रुसाची खूण करावयास शिकवले, त्यांनाच ठोसा मारावयास शिकवावे काय?

आमची दोन्ही मुले या वर्गाला जातात. मुलीच्या बाबतीत आमचे मन फारसे अडखळले नाही. नोकरीनिमित्त रोज लोकलने मुंबई गाठणाऱ्या आणि रात्री उशिरा वसई स्थानकावर उतरणाऱ्या मुलीच्या आईबापांना या बाबतीत तत्त्वचर्चा परवडत नाही. गेल्या पावसाळ्यात एके रात्री रस्त्यावर कोणीतरी तिचे मनगट धरले. पकड नेहमी अंगठ्याच्या बाजूला दुबळी असते, हे तिला वर्गात शिकवलेले होते. तिने त्या बाजूने हात फिरवून सोडवला, जिवाच्या आकांताने ओरडली आणि दुकानाच्या उजेडाकडे धावत सुटली. घरी आल्यावर म्हणाली, “मारायची वेळच आली नाही.” ओरडा आणि निघा, हा वर्गातला पहिला धडा, लाथ त्यानंतरची.

आमच्या लहानपणी मुलींना संत मारिया गोरेटीची कथा सांगितली जाई. ती सांगताना भर असे तो तिच्या पावित्र्यावर आणि क्षमेवर. पण १९०२ साली, वयाच्या अवघ्या अकराव्या वर्षी, त्या मुलीने प्रतिकारही केला होता, याचा उच्चार क्वचितच होई. क्षमा पुढची, मृत्युशय्येवरची. आमच्या आयांना ही कथा एवढी अर्धवट का सांगितली गेली असेल, याचे आम्हांला अनेकदा नवल वाटते.

ख्रिस्तसभेच्या विचारवंतांचेही या प्रश्नावर एकमत नव्हते. केवळ स्वतःचा जीव वाचवण्यासाठी सामान्य माणसाने दुसऱ्याचा जीव घ्यावा, हे संत ऑगस्टीनना पटत नव्हते. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी एक सूक्ष्म भेद केला. एकाच कृतीचे परिणाम दोन असू शकतात: एक आपल्या मनात असलेला, दुसरा मनात नसून घडून येणारा. आपला जीव वाचवणे हा हेतू आणि हल्लेखोराला इजा हा हेतूबाहेरचा परिणाम असेल, तर त्या कृतीला दोष नाही. मात्र बळ गरजेपुरतेच वापरलेले असले पाहिजे. १९९२ च्या कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथाने याच विचाराचा आधार घेतला आणि ज्याच्यावर इतरांच्या जीविताची जबाबदारी आहे त्याच्यासाठी संरक्षण हे गंभीर कर्तव्यही ठरू शकते, असे मानले. गंमत अशी, की आपला कायदाही जवळजवळ तेथेच येऊन पोहोचतो. १८६० च्या दंडसंहितेत होता तो स्वसंरक्षणाचा हक्क १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत आहे, आणि त्यालाही मर्यादा तीच: संरक्षणासाठी लागेल त्याहून अधिक इजा नको.

पण दुसरा गाल? तो प्रश्न सुटला का? अभ्यासक सांगतात, की मत्तयच्या शुभवर्तमानात ‘उजवा’ गाल असे स्पष्ट म्हटले आहे, आणि उजव्या हाताने समोरच्याच्या उजव्या गालावर मारायचे तर हाताची पाठच वापरावी लागते. म्हणजे तो जिवावरचा हल्ला नव्हे, अपमान. हे स्पष्टीकरण आम्हांला आवडले, आणि फार सोयीचे आहे म्हणून थोडे संशयास्पदही वाटले. लूकच्या शुभवर्तमानात तर ‘उजवा’ हा शब्दच नाही. आम्हांला अधिक आधार वाटतो तो योहानच्या अठराव्या अध्यायाचा. प्रमुख याजकासमोर शिपायाने थोबाडीत मारली तेव्हा प्रभूने दुसरा गाल पुढे केला नाही, हातही उगारला नाही. माझे चुकले असेल तर दाखव, नाहीतर मला का मारतोस, असे विचारून त्याने मारणाऱ्याला उत्तरदायी ठरवले.

पूर्वेकडील या विद्यांच्या गुरूंनाही असाच काहीसा प्रश्न पडला असावा. ओकिनावाहून १९२२ साली जपानच्या मुख्य भूमीवर कराटे नेणाऱ्या गिचिन फुनाकोशींनी, पहिला प्रहार आपला नसावा, असा दंडक घातला. त्यांच्या परंपरेत नवशिक्याला शिकवल्या जाणाऱ्या पहिल्या काताची सुरुवात ठोशाने होत नाही, खाली वळवलेल्या हाताच्या अडवणुकीने होते. १८८२ साली जुदोची शाळा काढणाऱ्या जिगोरो कानोंच्या परंपरेत विद्यार्थी आधी पडायला शिकतो. पाडण्याची पाळी मागाहून येते.

येथपर्यंत सारे ठीक होते. मुलाने आमची झोप उडवली.

तो सोळा वर्षांचा आहे. आजवर तो ‘लाइट कॉन्टॅक्ट’ प्रकारात खेळत असे. हा प्रकार गादीवर चालतो; फटका लागला पाहिजे, पण आवरलेला. जोर जास्त झाला तर तो दोष समजला जातो. आता त्याला ‘फुल कॉन्टॅक्ट’मध्ये, म्हणजे रिंगमध्ये उतरायचे आहे. तेथे पूर्ण जोर हाच गुण, आणि प्रतिस्पर्धी पडून उठला नाही तर लढत जिंकली. खेळाचे नाव एक, हातमोजे तसेच, पण एका ठिकाणचे पाप दुसऱ्या ठिकाणचे पुण्य!

अक्वायनसचा भेद आम्हांला येथे अपुरा पडला. ठोसा डोक्यावर बसून समोरच्याची शुद्ध हरपते, म्हणजे कवटीच्या आत मेंदूला हिसका बसतो. शिरस्त्राण कातडी वाचवते, आतला हिसका पुरता थांबवत नाही. रिंगमध्ये ही इजा हेतूबाहेरची राहत नाही, तिच्यामुळेच विजय मिळतो. १३ नोव्हेंबर १९८२ रोजी लास व्हेगासमध्ये रे मॅन्सिनी या अमेरिकन कॅथोलिक मुष्टियोद्ध्याने कोरियाच्या किम डुक-कूला चौदाव्या फेरीत पाडले. काही दिवसांत किम मरण पावला. मॅन्सिनी अंत्यविधीसाठी कोरियाला गेला. काही महिन्यांनी किमच्या आईने आत्महत्या केली. त्या मृत्यूनंतर जागतिक मुष्टियुद्ध परिषदेने पंधरा फेऱ्यांच्या बारा केल्या. मॅन्सिनीने नियम मोडला नव्हता, मनात द्वेषही नव्हता. ते मुष्टियुद्ध होते, किकबॉक्सिंग नव्हे, हे खरे. पण ठोसा आणि लाथ यांतला फरक मेंदूला कळत नाही.

प्रशिक्षकांचे म्हणणे आम्ही ऐकून घेतले. रिंगमध्ये रागावणारा मुलगा हरतो, म्हणून रिंग राग आवरायला शिकवते, असे ते म्हणाले. यात तथ्य आहे. शाळेत दोनदा मारामारी केलेला आमचा मुलगा वर्गाला जाऊ लागल्यापासून कोणाच्या अंगावर गेलेला नाही. दोघेही राजीखुशीने उतरतात, पंच असतो, डॉक्टर असतो, हेही खरे.

परंतु एक गोष्ट येथे कबूल केली पाहिजे. गेल्या वर्षीच्या स्पर्धेत, गादीवरच्याच लढतीत, आमच्या मुलाची लाथ समोरच्या मुलाच्या कानशिलावर जोरात बसली. तो मुलगा गुडघ्यांवर कोसळला. पंचांनी लढत थांबवून आमच्या मुलाला ताकीद दिली. त्या क्षणी आम्ही दोघेही उभे राहून टाळ्या वाजवीत होतो. समोरच्या बाकावर त्या मुलाची आई तोंडाला पदर लावून उभी होती. ती दिसल्यावर आमचे हात थांबले. मुलगा सावरला, पाणी प्यायला, हसलाही. आम्ही मात्र त्या आईकडे न पाहताच बाहेर पडलो.

म्हणून या वेळी संमतीपत्र आमच्या टेबलावर आठवडाभर पडून राहिले. मुलाला दुखापत झाल्यास आयोजक जबाबदार राहणार नाहीत, हे त्यात ठळक छापले आहे. त्याच्या हातून दुसऱ्याला होणाऱ्या दुखापतीविषयी एक अक्षर नाही. शेवटी आम्ही गादीवरच्या प्रकारापुढे सही केली आणि रिंगच्या रकान्यावर रेघ मारली. अठरा वर्षांचा झालास की तुझा निर्णय तू घे, असे त्याला सांगितले.

दोन दिवस तो आमच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना त्याने मान वर न करता विचारले, “मग त्या दिवशी तुम्ही टाळ्या का वाजवल्या?”

ताटे उचलून झाली तरी आम्ही त्याला उत्तर दिले नव्हते.