देवमासा आपला कोण लागतो?

२०२३ च्या दिवाळीत गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर देवमाशाचं पिल्लू अडकलं. त्याला पाण्यात ढकलायला गावकरी, वनखातं सगळे झटत होते. मी नेरूळला घरी बसून फोनवर तेच व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघत होतो. खूप खटपटीनंतर ते समुद्रात गेलं, पण जगलं नाही. बातमी वाचून मला रडू आलं.

तेव्हा आमच्या स्वयंपाकघरात दिवाळे गावातून आणलेल्या जिवंत चिंबोऱ्या पिशवीत खुडबुडत होत्या. त्यांच्याबद्दल मला काहीच वाटलं नाही.

असं का? सोपं उत्तर म्हणजे देवमासा आपल्यातला आहे. नाव 'मासा', पण तो हवेत श्वास घेतो, पिल्लाला दूध पाजतो. माशाची शेपटी डावी-उजवीकडे हलते. देवमाशाची वर-खाली, धावणाऱ्या चौपायाचा कणा वाकावा तशी. त्याचे पूर्वज जमिनीवरच चालत होते. जम्मूतल्या कालाकोटला सापडलेला इंडोह्यूस हा सुमारे ४.८ कोटी वर्षांपूर्वीचा, मांजराएवढा, खुरांचा प्राणी. त्याच्या कानाच्या हाडाची ठेवण देवमाशासारखी आहे, हे २००७ मध्ये जगासमोर आलं. कच्छमध्ये तर पाय असलेल्या देवमाशांचे जीवाश्म मिळालेत. आज तोच प्राणी किनाऱ्यावर आला, की हवा असूनही मरतो. पाण्याचा आधार सुटतो आणि स्वतःचंच वजन त्याला चिरडतं.

हे सगळं वाचताना जीव आणखी तुटतो. पण मग खटकतं, की हे नातं मला पुस्तकातून कळलं. उद्या कुणी सिद्ध केलं, की तो मासाच आहे, तर त्याची तडफड कमी होईल का? आणि नातंच मोजायचं, तर चिंबोरीही आपली लांबची नातेवाईकच. फक्त फाटा फार मागे फुटलाय.

म्हणजे प्रश्न 'आपला कोण' हा नाहीच; 'दुखतं कुणाला' हा आहे. ब्रिटनने २०२२ च्या कायद्यात खेकड्यांनाही संवेदना असलेले जीव मानलं. मी मात्र अजून नात्यागोत्यातच अडकलोय. दया दाखवतानाही आपण आडनाव विचारतो, तसंच हे.

चिंबोऱ्या खाणं मी सोडलेलं नाही. हे लिहितानाही त्याची लाज पुरती वाटत नाही. पण त्या जिवंतपणी मोडताना 'त्यांना काय कळतंय' असं म्हणायचो, ते आता तोंडातून निघत नाही.