सेवेचा हिशेब करावा काय?

रुग्णसेवेच्या शिक्षणाविषयी बोलताना पैशाचा विषय काढणे आपल्या मंडळींना जरा अवघड वाटते. मुलगी परिचारिका होणार, मुलगा क्ष-किरण विभागातले काम शिकणार, असे कळले की आपण शाबासकी देतो, “सेवेचे काम आहे, चांगले आहे” असे म्हणतो आणि तेथेच थांबतो. शिक्षणाला खर्च किती, तो कोण सोसणार, शिकून झाल्यावर हाती काय पडणार, हे विचारणे म्हणजे जणू त्या कामाचा अपमान! रविवारच्या शाळेच्या शिक्षकांना हा संकोच विशेष जाणवत असेल. बारावीचा निकाल लागला की मुले व त्यांचे आईबाप पुष्कळदा प्रथम त्यांच्याकडेच सल्ल्याला येतात.

हा संकोच योग्य आहे काय, हे पाहण्यासाठी मी मुद्दाम अमेरिकेचे उदाहरण घेतो. एक तर आपल्यांपैकी काहींची मुलेबाळे आता तिकडे आहेत. दुसरे असे की या प्रश्नाचे आकडे तेथे उघड्यावर मांडलेले असतात. ज्याला वाचायचे त्याने वाचावे.

तेथे शालेय शिक्षणानंतर दोन वर्षांची ‘असोसिएट’ नावाची पदवी मिळते. डॉक्टर व परिचारिका यांच्या जोडीने इस्पितळात जी अनेक माणसे लागतात – क्ष-किरण तंत्रज्ञ, श्वसनोपचार करणारे, दातांची निगा राखणारे हायजिनिस्ट – त्यांपैकी पुष्कळांचे शिक्षण या पदवीतून होते. सरकारी कम्युनिटी कॉलेजात स्थानिक विद्यार्थ्याला शिकवणीचे शुल्क वर्षाला सरासरी सुमारे ४,००० डॉलर पडते. आता कमाई पाहा. अमेरिकन सरकारच्या श्रम खात्याने मे २०२३ साठी दिलेला मध्यम वार्षिक पगार (म्हणजे निम्म्यांना त्याहून अधिक व निम्म्यांना त्याहून कमी) हायजिनिस्टचा सुमारे ८७,५०० डॉलर, श्वसनोपचार तंत्रज्ञाचा ७८,००० आणि क्ष-किरण तंत्रज्ञाचा ७३,००० होता. एवढे वाचून कोणीही म्हणेल, यात विचार तो काय करायचा?

पण दोन गोष्टी राहिल्या. पहिली ही की सर्वांत मोठा खर्च माहितीपत्रकात छापलेलाच नसतो. शिकण्याच्या काळात जी मजुरी बुडते ती कोणी मोजीत नाही. समजा, एखादी तरुणी दुकानात काम करून वर्षाला ३०,००० डॉलर मिळवीत होती. दोन वर्षे काम सोडले तर ६०,००० गेले. शुल्काच्या सातपटींहूनही अधिक. शिवाय दोन वर्षे ही बहुधा नावाचीच. शरीरशास्त्र, गणित वगैरे विषय आधी पुरे करावे लागतात, जागा मोजक्या असतात, आणि रुग्णांजवळ राहून करावयाच्या कामाचे शेकडो तास बहुधा बिनपगारी असतात. ज्या घरात एकाच्या मिळकतीवर चूल पेटते, तेथे हा भार कोणावर पडतो? आजीवर, धाकट्या भावंडांवर, नाही तर रात्रपाळी करून सकाळी वर्गात डुलक्या घेणाऱ्या त्या मुलीवरच.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. ‘आरोग्यसेवेतील पदवी’ या एकाच नावाखाली फार निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात. डॉक्टरांच्या दवाखान्यात रक्तदाब घेणे, कागदपत्रे ठेवणे, रुग्णाला आत नेणे ही कामे करणाऱ्या मेडिकल असिस्टंटचा मध्यम पगार त्याच २०२३ साली सुमारे ४२,००० डॉलर होता. या कामाला दोन वर्षांच्या पदवीची गरज बहुधा नसते. थोड्या महिन्यांचे प्रमाणपत्र चालते. तरीही नफ्यासाठी चालणाऱ्या संस्थांनी याच कामाच्या पदव्या मोठे शुल्क घेऊन विकल्या. समजा, कोणी ३०,००० डॉलर कर्ज सहा टक्के व्याजाने काढले. दहा वर्षांत फेडायचे तर वर्षाला जवळजवळ ४,००० डॉलर द्यावे लागतील. अमेरिकन सरकारने २०२३ साली केलेल्या नियमात कर्जाच्या हप्त्याची एक मर्यादा कमाईच्या आठ टक्के धरली होती. ४२,००० चे आठ टक्के ३,३६० होतात. म्हणजे मध्यम पगार मिळाला तरी हिशेब जुळत नाही, आणि नवशिक्याला पहिल्याच वर्षी मध्यम पगार कोण देतो?

कोरिंथियन कॉलेजेस या संस्थेची कथा या बाबतीत सांगण्यासारखी आहे. तिच्या शाळांतून अशाच तऱ्हेचे अभ्यासक्रम शिकविले जात. विद्यार्थी बहुतेक गरीब घरचे. पुढे नोकऱ्या किती जणांना लागल्या याचे खोटे आकडे दाखविल्याबद्दल तिच्यावर सरकारी खटले झाले आणि एप्रिल २०१५ मध्ये तिच्या उरलेल्या शाळा एकाएकी बंद पडल्या. २०२२ साली अमेरिकेच्या शिक्षण खात्याने या संस्थेच्या ५,६०,००० विद्यार्थ्यांचे ५८० कोटी डॉलरचे कर्ज माफ केले. कर्ज माफ झाले. गेलेली वर्षे कोण परत करणार?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. सेवेच्या कामात पैशाचा हिशेब करणे हलकेपणाचे आहे, असे जे म्हणतात त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. रात्री तीन वाजता श्वास कोंडलेल्या माणसाजवळ उभे राहणाऱ्याला केवळ पगाराने तेथे उभे करता येत नाही, हे खरेच. पण हे वाक्य कोणाच्या तोंडी येते, तेही पाहिले पाहिजे. माझ्या पाहण्यात ते बहुधा पगार देणाऱ्याच्या किंवा शुल्क घेणाऱ्याच्या तोंडी येते. शुल्क भरणाऱ्याच्या तोंडी क्वचित. “सेवा म्हणून करा” असे दुसऱ्याला सांगताना आपण स्वतः काय सोडीत आहोत, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारावयास हवा.

आणि हिशेब टाळणारी मुलगी स्वतःचेच पैसे खर्च करीत असती तर गोष्ट वेगळी. येथे आईच्या बांगड्या असतात, बापाने सोसायटीतून काढलेले कर्ज असते, धाकट्याचे राहून गेलेले शिक्षण असते. दुसऱ्याच्या त्यागावर आपण शिकत असू तर तो त्याग किती मोठा आहे हे मोजणे हा लोभ नव्हे, ते ऋण मान्य करणे होय. शिवाय कर्ज निश्चित असते आणि कमाई केवळ संभवनीय. अभ्यासक्रम अर्ध्यावर सुटला तर पदवी मिळत नाही, हप्ता मात्र सुटत नाही. अमेरिकेत तर दिवाळे काढूनही शिक्षणाच्या कर्जातून सुटणे फार कठीण आहे.

तथापि दुसऱ्या टोकाच्या माणसांशीही माझे जमत नाही. ते शिक्षणाला केवळ ‘गुंतवणूक’ म्हणतात आणि पगाराचा तक्ता पाहून मुलाला दावणीला बांधतात. तक्ता हजारोंची सरासरी स्थिती सांगतो. या मुलाला रक्त पाहून घेरी येते हे तो सांगत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, मेडिकल असिस्टंटला हायजिनिस्टच्या निम्मा पगार मिळतो म्हणून तिचे काम निम्म्या मोलाचे ठरत नाही. पगार परवान्याच्या अटींवरून, माणसे किती मिळतात यावरून आणि मालकाशी भांडण्याची ताकद कोणात आहे यावरून ठरतो. हिशेब जुळत नसेल तर दोष त्या कामाचा नसून पगाराचा किंवा शुल्काचा असतो. पण तो दोष दूर होईपर्यंत त्याची किंमत एका अठरा वर्षांच्या मुलीने कर्ज काढून भरावी, असे म्हणण्याचा अधिकार मला नाही आणि तुम्हांलाही नाही.

आपल्याकडे काय स्थिती आहे? एके काळी मिरजेसारख्या ठिकाणच्या मिशन इस्पितळांत मुली काम करीत करीतच परिचारिकेचे शिक्षण घेत. आता प्रयोगशाळा, डायलिसिस, शस्त्रक्रियागृह यांच्या तंत्रज्ञांचे अभ्यासक्रम गल्लोगल्ली निघाले आहेत. संसदेने २०२१ साली संलग्न आरोग्यसेवांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यात अशा व्यावसायिकाचे शिक्षण किमान २,००० तासांचे व दोन ते चार वर्षांत पसरलेले असावे, असे म्हटले आहे. म्हणून सहा महिन्यांत ‘टेक्निशियन’ करून देण्याची जाहिरात दिसली तर हा आकडा आठवावा.

अमेरिकेत क्ष-किरण शिक्षणाला मान्यता देणारी मंडळी संस्थेकडून तीन गोष्टी जाहीर करवून घेतात: किती विद्यार्थ्यांनी शिक्षण पुरे केले, किती परवाना-परीक्षेत उत्तीर्ण झाले, आणि किती जणांना काम मिळाले. आपल्या मुलांना असा कागद कोणी आपणहून देणार नाही. पण हेच तीन प्रश्न संस्थेच्या कचेरीत जाऊन विचारता येतात. शिक्षकबंधूंनी व भगिनींनी एखाद्या दुपारी विद्यार्थ्याबरोबर जवळच्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेतही जावे. जेवणाच्या सुट्टीत तेथला तंत्रज्ञ भेटतो. कोठे शिकलास, सगळे मिळून किती लागले, पहिला पगार किती होता आणि आज किती आहे, हे तो मोकळेपणाने सांगतो. पुन्हा हेच शिकशील काय, असेही त्याला विचारावे, आणि त्याचे उत्तर मुलाला स्वतःच्या कानांनी ऐकू द्यावे.